सहा ताकदीचं अस्वल: फोंड्यातल्या एका पडेल स्कोअरच्या ड्रुइडचं प्रकरण

१३, ११, १०, ९, ८, ६. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथेच्या खेळात कॅरेक्टर बनवताना चार सहाबाजू फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची, या नेहमीच्या पद्धतीने वहिनीचे हे सहा आकडे पडले, तेही फोंड्याला मावसभावाच्या घरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यामुळे फसवाफसवीचा प्रश्नच नाही. एकूण ५७. या पद्धतीत एका स्कोअरची सरासरी १२.२४ येते म्हणजे सहाची मिळून साडेत्र्याहत्तरच्या आसपास व्हायला हवी, वहिनी साडेसोळाने खाली. १९७४ साली जेव्हा डंजन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा आलं तेव्हा नुसते तीन फासे टाकायचे, त्यात सरासरी बेरीज ६३ यायची, वहिनी त्याच्याही खाली. आणि शेजारीच बसलेल्या तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दादाला, १७ आणि १६ पडलेले.

ज्यांना या खेळातलं फार माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की ताकद, चपळाई, तब्येत, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण असतात, १० किंवा ११ म्हणजे सर्वसाधारण माणूस, आणि त्याच्या वर दर दोन आकड्यांना एक बोनस, खाली गेलात की तसाच वजा. हा मॉडिफायर वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात मिळवायचा आणि समोरचा आकडा गाठायचा. म्हणजे १३ ला +१, १० आणि ११ ला शून्य, ९ आणि ८ ला −१, ६ ला −२. वहिनीच्या सगळ्या मॉडिफायरची बेरीज −३. २००३ ची साडेतीन एडिशन खेळत असतो तर भांडणच नव्हतं, तिथे सरळ नियम होता की मॉडिफायरची बेरीज शून्य किंवा कमी आली, किंवा सगळ्यात मोठा आकडाच १३ किंवा खाली राहिला, तर फासे परत टाका. वहिनी दोन्ही अटींत बसत होती. पण आम्ही खेळतो पाचवी एडिशन, २०१४ चे नियम, आणि त्यात असं काही कलम नाही, सगळं डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात.

आमचा डीएम, त्याला सगळे मास्तर म्हणतात कारण तो खरोखरच शाळेत शिकवतो, तो लगेच म्हणाला, वहिनी परत टाका, नाहीतर ठरलेले आकडे घ्या, १५-१४-१३-१२-१०-८, पुस्तकातच दिलेत. माझंही तेच मत होतं. नवीन खेळाडूला पहिल्याच कॅरेक्टरला एवढं ओझं कशाला. वहिनीने ऐकलं नाही. "आमच्या माहेरी सारीपाटात पडलेलं दान कोणी परत उचलत नव्हतं भावोजी, पडलं ते पडलं, आता याच्यात काय बसतं ते सांगा." पतसंस्थेत काम करते ती, आकडे बघून घाबरणाऱ्यातली नाहीच.

तर मग खरं काम सुरू झालं आणि हे सगळं लिहायचं कारणही तेच, की अशा आकड्यांवर लोक जो सल्ला देतात तो मला बहुतेक वेळा पटत नाही. एक गट म्हणतो कमी आकडे म्हणजे रोलप्लेला सोनं, वेंधळं कॅरेक्टर कर, मजा येईल. दुसरा गट म्हणतो पहिल्या सेशनला मरून जा आणि नवीन बनव. पहिल्यांना मी एवढंच विचारतो की चार तास बसून आपली पाळी आली की "चुकला", पुढची पाळी आली की "चुकला", हे तुम्ही किती रविवार सहन कराल? वेंधळेपणा एकदा हसवतो, मग कंटाळा येतो, मग माणूस "या रविवारी जमणार नाही रे" असं कळवायला लागतो. आणि दुसऱ्यांचं तर काय बोलायचं, मास्तरने गावाचा नकाशा काढलेला, बाकीच्यांनी एकमेकांशी नाती जुळवलेली, आणि एक जण मुद्दाम मरायला बसलाय.

माझं म्हणणं वेगळं आहे. या खेळात बऱ्याच गोष्टी अशा आहेत ज्या तुमचा स्वतःचा आकडा विचारतच नाहीत. कुठल्या गोष्टी विचारतात आणि कुठल्या नाही, हे आधी वेगळं करायचं आणि जे विचारत नाही त्यावरच कॅरेक्टर उभं करायचं. रोलप्ले नंतर आपोआप येतो, कारण ज्याला टेबलावर काहीतरी करता येतं त्यालाच बोलायला सुचतं.

आम्ही टेबलावर जे पर्याय घेतले त्यातला पहिला विझर्ड, म्हणजे पुस्तकी जादूगार. मॅजिक मिसाईल हा स्पेल नेम धरायलाच लावत नाही, तीन बाण, प्रत्येकी एक चार बाजूंचा फासा अधिक एक, लागणार म्हणजे लागणार. स्लीप स्पेलमध्ये पाच आठबाजू फासे टाकायचे, सरासरी साडेबावीस हिट पॉइंटचे (अंगात किती जीव आहे त्याचा आकडा) शत्रू झोपतात, त्यांना सेव्हिंग थ्रो, म्हणजे वाचायला फासा टाकण्याची संधी, नाही. घुबड पाळलं की ते उडत जाऊन आपल्या माणसाला मदत करतं. आकडे न विचारणाऱ्या गोष्टींची विझर्डकडे रेलचेल आहे. पण हिट पॉइंट सहा-सात, चिलखत नाही, आणि गोब्लिनचा एक बाण सरासरी साडेपाच काढतो, म्हणजे दोन बाणांत वहिनी आडवी. शिवाय आमच्याकडे विझर्ड आधीच होता, म्हापशाच्या फार्मसीवाल्याने घेतलेला.

दुसरा पर्याय क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने जादू करणारा पुजारी, आणि खरं सांगू का, नुसतं कागदावर बघितलं तर हाच सगळ्यात भक्कम होता. हिल ड्वार्फ, म्हणजे डोंगरातल्या बुटक्यांचा वंश, घेतला की तब्येतीला +२ आणि शहाणपणाला +१ मिळतात, वर दर लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या दर पायरीला, एक जादा हिट पॉइंट. आणि ड्वार्फची एक गंमत अशी की जड चिलखताने त्याचा वेग कमी होत नाही. चेन मेलला १३ ताकद लागते, नसेल तर बाकीच्यांचा वेग १० फुटांनी घटतो, ड्वार्फला काही फरक नाही. म्हणजे ताकद ६ असली तरी लाईफ डोमेन या शाखेचा क्लेरिक चेन मेल आणि ढाल घेऊन पहिल्याच लेव्हलला आर्मर क्लास १८ वर उभा, म्हणजे वार लागायला समोरच्याला एकूण १८ गाठावे लागणार. चेन मेल ५५ पौंड, ढाल ६ पौंड, आणि ६ ताकदीला एकूण ९० पौंड उचलता येतात, तेव्हा बसतं कसंबसं, फक्त दोरखंड-तंबू दुसऱ्याच्या पाठीवर. वर ब्लेस स्पेल, तीन साथीदारांच्या हल्ल्यांना आणि सेव्हना एक-एक चारबाजू फासा जादा, तिथे वहिनीचा आकडा कोणी विचारत नाही. मी हे सगळं उत्साहाने समजावलं आणि वहिनी म्हणाली, "म्हणजे मी चिलखत घालून मागे उभी राहून ह्यांना आशीर्वाद देत बसू? ते घरी करतेच की."

विषय तिथेच संपला. तिला प्राणी हवे होते. ती मूळची सत्तरीची, म्हादईच्या बाजूची. तिकडे काही गावांत वाघ्रोचं स्थान असतं, लोक वाघाला देव मानून पुजतात, राखणदार तर गोव्यात सगळीकडे आहेच, त्यामुळे ड्रुइड, म्हणजे रानातून शक्ती घेणारा जादूगार, ही कल्पना तिला आम्हा बाकीच्यांपेक्षा लवकर कळली. आणि सुदैवाने ड्रुइडमध्येही एक जागा अशी आहे जिथे कमी आकडे जवळपास गायब होतात, ती म्हणजे सर्कल ऑफ द मून, प्राण्याचं रूप घेण्यात पटाईत असलेली शाखा.

आकडे असे लावले. १३ शहाणपणाला, हिल ड्वार्फचा एक मिळून १४, म्हणजे +२. ११ तब्येतीला, दोन मिळून १३, म्हणजे +१. खरं तर तब्येतीला १० लावलं असतं तरी १२ होऊन +१ च आला असता, आणि चपळाईला १० लावा की ११, बोनस शून्यच. म्हणून ११ मुद्दाम तब्येतीत टाकलं, कारण १३ हा विषम आकडा पुढे चौथ्या लेव्हलला कामाला येणार होता, ते सांगतो पुढे. चपळाई १०, छाप ९, बुद्धी ८, ताकद ६. ताकदीला ६ देताना दादा कळवळला, तो फायटर, त्याच्या हिशेबात ताकद म्हणजे सगळं. पण बघा, जो गुण आपण वापरणारच नाही किंवा ज्याच्या जागी दुसरा आकडा येणार आहे तिथेच खड्डा टाकायचा, अर्धा-अर्धा करून सगळीकडे खड्डे पाडण्यात काही अर्थ नाही.

पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट १०, लेदर आर्मर आणि लाकडी ढाल मिळून आर्मर क्लास १३. चमकदार नाही, जगण्यापुरतं आहे. स्पेल सेव्ह डीसी, म्हणजे स्पेलपासून सुटायला समोरच्याने गाठायचा आकडा, ८ अधिक सरावाचे (प्रोफिशियन्सी) २ अधिक शहाणपणाचे २, म्हणजे १२, हा कमकुवत, समोरच्याने थोडा बरा फासा टाकला की सुटला. म्हणून जे स्पेल समोरच्याला सेव्ह करायला लावतात ते बाजूला ठेवले. तीन स्पेल तयार ठेवता येत होते, ते घेतले गुडबेरी, हीलिंग वर्ड आणि फॉग क्लाऊड. गुडबेरीची दहा फळं, प्रत्येक फळाला एक हिट पॉइंट, यात कुठलाही मॉडिफायर नाही, शहाणपण १८ असलेल्यालाही दहाच आणि वहिनीलाही दहाच. आमच्या कॅम्पेनमध्ये ती करवंदं झाली, आणि रात्री झोपायच्या आधी उरलेले स्लॉट, म्हणजे दिवसभरात स्पेल टाकायच्या मोजक्या संधी, करवंदांत घालवायचे ही वहिनीची सवय लगेच पक्की झाली, कारण ती चोवीस तास टिकतात. "मार्च एंडला उरलेलं बजेट संपवतात तसं" असं ती म्हणाली आणि सगळे हसले.

कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न खर्चता कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल, दोन, शिलेले आणि गायडन्स. शिलेले हा या सगळ्या प्रकरणातला पहिला कणा. साधी काठी किंवा सोटा घ्यायचा, एक मिनिटासाठी त्याने मारताना ताकदीच्या जागी शहाणपण धरायचं. आता गणित बघा. गोब्लिनचा आर्मर क्लास १५. वहिनी ६ ताकदीने नुसती काठी मारायला गेली असती तर ताकदीचा −२ आणि सरावाचा +२ मिळून एकूण बोनस शून्य, १५ किंवा वर पडायला हवं, म्हणजे ३० टक्के. शिलेले लावल्यावर +४, म्हणजे ११ किंवा वर, ५० टक्के. आणि १७ वाला दादा, ह्युमन असल्याने १८ झालेला, +६ घेऊन उभा, त्याला ९ किंवा वर लागतं, ६० टक्के. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट फाशांच्या माणसांत दहा वारांत एका वाराचा फरक! हे मी कागदावर लिहून दाखवलं तेव्हा दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. अर्थात लागल्यावर त्याचं नुकसान जास्त होतं, हिट पॉइंट जास्त, ते आहेच, पण टेबलावर बसलेल्या माणसाला जाणवतं ते लागलं की चुकलं.

पाचवी एडिशन मुद्दामच अशी बांधली आहे, आकडे फार वाढू द्यायचे नाहीत. प्रोफिशियन्सी बोनस पहिल्या लेव्हलला +२ आणि सतराव्याला जाऊन +६, वीस बाजूंच्या फाशापुढे हे सगळे लहान आकडे. म्हणून इथे कमी स्कोअर जितका भयंकर दिसतो तितका नसतो. साडेतीनमध्ये हेच स्कोअर घेऊन बसला असता तर गोष्ट वेगळी.

गायडन्सबद्दल एक सांगायलाच हवं, हा कॅन्ट्रिप असलेल्या माणसाला पार्टीत मान मिळतो. दुसऱ्याला हात लावायचा, त्याच्या एका चेकला चारबाजू फासा जादा, सरासरी अडीच. वहिनीला स्वतःला कुलूप उघडता येत नाही, राजाला पटवता येत नाही, पण माझा रोग (आजार नव्हे, Rogue, चोरट्या क्लासचं माझं कॅरेक्टर) कुलपाला हात घालायच्या आधी वहिनी खांद्यावर हात ठेवणार हे ठरलेलं. मदत करण्याची ॲक्शन तर सगळ्यांनाच आहे आणि लोक ती वापरतच नाहीत. एकदा वहिनीला कड्यावर चढायचं होतं, डीसी १०, तिचा −२, म्हणजे ४५ टक्के. दादाने वरून हात दिला, दोन फासे टाकून चांगला घ्यायचा, लगेच ७० टक्के. सहा ताकदीची बाई आणि ७० टक्के. नवरा-बायकोंनी एकमेकांना हात द्यायचा हे खेळातही चालतं म्हणायचं.

कॅरेक्टरची गोष्ट मास्तरने आणि वहिनीने मिळून केली आणि ती मला आवडली. ड्वार्फ म्हणजे खाणीवाले, आणि गोव्यात खाणीवाले म्हटल्यावर डिचोली-साखळी आलीच, २०१२ साली खाणी बंद पडल्यावर त्या पट्ट्यात काय झालं हे कोणाला सांगायला नको. तर हिच्या कुळाची खाण बंद पडली, सगळे पांगले, ही एकटी रानात शिरली. ताकद ६ का, तर लहानपणी खाणीच्या धुळीने आजारपण. बुद्धी ८ का, तर शाळा सुटली. वहिनीने यातलं एकही रडगाणं म्हणून खेळलं नाही. आणि बुद्धी ८ म्हणजे मूर्ख नव्हे हो, फक्त −१ आहे तो, पुस्तकी गोष्टी आठवायला दहा जणांतल्या इतरांपेक्षा किंचित जास्त अडखळणारी एवढंच. शहाणपण १४ आहे, ती माणसं ओळखते, पाऊस कधी येणार सांगते, फक्त लिहिता येत नाही. अशी माणसं आपल्या ओळखीत असतात, त्यांना वेंधळं दाखवलं तर वहिनीनेच बडबड ऐकवली असती.

आता पहिली लेव्हल कशी गेली, तर ओढाताण झाली. यात साखर घालून सांगण्यासारखं काही नाही. दोनच स्पेल स्लॉट, त्यातला एक करवंदांत, दुसरा कोणीतरी पडलं की हीलिंग वर्ड. पण पडलेला माणूस साठ फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये, परत उभा करणं हे काम पार्टीत दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं, आणि उभा राहायला एक हिट पॉइंट पुरतो, तिथे तुमचा मॉडिफायर +२ आहे की +४ याने काय फरक पडतो? दादा दोनदा आडवा झाला आणि दोन्ही वेळा बायकोने उठवला. त्यानंतर ताकद ६ वरचे विनोद बंद.

दुसरी लेव्हल लागली आणि प्रकरण उलटलं. वाईल्ड शेप, म्हणजे प्राण्याचं रूप, घेतला की शरीराचे तीनही गुण, म्हणजे ताकद, चपळाई आणि तब्येत, प्राण्याचे येतात, फक्त बुद्धी, शहाणपण आणि छाप आपली राहते. बाकीच्या ड्रुइडना या लेव्हलला लहानसहान प्राणी मिळतात, मून ड्रुइडला थेट चॅलेंज रेटिंग (प्राणी किती तगडा त्याचा आकडा) एकपर्यंत, आणि तेही बोनस ॲक्शनमध्ये. फक्त तो प्राणी आधी पाहिलेला हवा. मास्तर म्हणाला, म्हादईच्या रानात अस्वल पाहिलेलं चालेल, आकडे पुस्तकातल्या ब्राऊन बेअरचे घ्या. ताकद १९, तब्येत १६, हिट पॉइंट ३४, एका पाळीत चावा आणि पंजा, दोन्ही लागले तर सरासरी १९ नुकसान.

वहिनीचे स्वतःचे हिट पॉइंट तेव्हा १७. दोन विश्रांतींच्या मध्ये दोनदा अस्वल होता येतं, आणि अस्वलाचे हिट पॉइंट संपले की ती आपल्या रूपात परत, उरलेलं नुकसान तेवढं अंगावर. म्हणजे ३४ अधिक ३४ अधिक १७, एकूण ८५. त्याच लेव्हलला तब्येत १४ असलेल्या फायटरचे २०. आणि त्यावर मून ड्रुइडला स्पेल स्लॉट मोडून अस्वलाला बरंही करता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला हा क्लास जरा जास्तच तगडा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे, चांगले स्कोअर असलेल्याने घेतला तर बाकीच्यांची मजा जाते. वाईट स्कोअरवाल्याने घेतला तर हिशेब बरोबर बसतो. वजनाचंच बघा, स्वतःच्या रूपात ९० पौंड आणि अस्वल झाल्यावर, अंगाने मोठं असल्यामुळे दुप्पट धरून, ५७० पौंड. तंबू, दोरखंड, आणि बेशुद्ध विझर्ड, सगळं अस्वलाच्या पाठीवर.

नदीवरच्या पुलावर झालेली ती लढाई मला चांगली आठवते कारण बाहेर धो-धो पाऊस आणि लाईट गेलेली, आम्ही मोबाईलच्या टॉर्चमध्ये फासे वाचत होतो, पातळ भाजी आणि पाव मध्येच आले तरी कोणी उठलं नाही. पूल अरुंद, एका वेळी एकच जण पुढे. दादा पुढे जायला निघाला तर वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही मागे व्हा." आणि अस्वल पुलावर. अस्वलाचा आर्मर क्लास फक्त ११, जवळपास प्रत्येक वार लागत होता, पहिलं रूप संपलं, दुसरं घेतलं, तेही संपत आलं, पण तोपर्यंत मागून आम्ही पलीकडचे सगळे टिपले. त्या संध्याकाळी ५७ बेरीजवाल्या कॅरेक्टरने पार्टी वाचवली.

तिसऱ्या लेव्हलला दोन स्पेल आले ज्यांची मी वाटच बघत होतो. पास विदाऊट ट्रेस, सगळ्यांच्या लपण्याला +१०, चेन मेल खणखणवत चालणारा दादासुद्धा लपायला लागला. आणि स्पाईक ग्रोथ, जमिनीवर वीस फूट त्रिज्येत काटे, दर पाच फुटांना दोन चारबाजू फाशांचं नुकसान, सेव्ह नाहीच. काटे आधी पसरायचे आणि मग अस्वल व्हायचं, कारण प्राण्याच्या रूपात नवीन स्पेल टाकता येत नाही पण आधीच्या स्पेलवरचं लक्ष टिकतं. मार लागला की ते टिकवायला तब्येतीचा सेव्ह द्यावा लागतो, आणि इथेच तो १३ चा विषम आकडा आला. चौथ्या लेव्हलला रेझिलियंट हे फीट, म्हणजे खास कसब, घेतलं, तब्येत १४ झाली, हिट पॉइंट वाढले, आणि तब्येतीच्या सेव्हला प्रोफिशियन्सी मिळाली, जी अस्वल झाल्यावरही सोबत राहते. अस्वलाचा +३ आणि वरचा +२, एकूण +५, म्हणजे साध्या माराला, डीसी १० ला, ८० टक्के वेळा काटे टिकणार. मास्तरचं म्हणणं होतं की शहाणपण १६ करा, डीसी वाढेल. पण आपण डीसी न विचारणारेच स्पेल घेतलेत तर डीसी वाढवून काय करायचं?

अडचणीही नीट सांगतो, नाहीतर हे जाहिरातीसारखं वाटेल. एक तर अस्वल बोलत नाही. महत्त्वाचं काही दिसलं की वहिनी खाणाखुणा करते आणि आम्ही मुद्दाम चुकीचे अर्थ काढतो, मजा येते पण एकदा त्यात सापळ्यात पडलो. दुसरं, नवीन खेळाडूला हा क्लास जड आहे, प्रत्येक प्राण्याचे आकडे वेगळे, स्पेल रोज बदलता येतात. त्यावर उपाय म्हणून वहिनीने प्रत्येक प्राण्याचं एक कार्ड स्वतःच्या अक्षरात लिहून झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणलं, मागच्या बाजूला त्याच प्राण्यात करता येणाऱ्या गोष्टी ओळीने. आता बाकीचेही तशी कार्डं मागतात. तिसरं, छाप ९. बोलणी करायची वेळ आली की फासा मागण्याआधी मास्तर वहिनीच्या युक्तिवादाचा विचार करतो, पण फासा मागितला तर −१ तो −१. आम्ही ठरवलं की ती बोलणार आणि फासा टाकेल तो विझर्ड, वहिनी मदत करणारी, दोन फासे टाकून चांगला घ्यायचा. नियमात बसतं.

आणि चौथी, खरी अडचण, अस्वल म्हातारं होतं. पाचव्या लेव्हलला दादाला दोन हल्ले मिळाले, समोरच्याचा फायरबॉल आठ सहाबाजू फाशांचा, सरासरी २८, अस्वलाचे ३४ म्हणजे एका फटक्यात संपल्यातच जमा. मून ड्रुइड सहाव्याला चॅलेंज रेटिंग दोनपर्यंत जातो, त्याच्या आधीचा काळ फिका जातो हे कोणीही खेळलेला सांगेल. पाचव्याला कॉन्जुअर ॲनिमल्स मिळतो, तोही आकडा न विचारणारा, पण नियमाने आठ लांडगे आणता येतात आणि आठ लांडग्यांचे फासे टाकत बसलं की बाकीच्यांनी तोवर चहा करून प्यावा. वहिनीने स्वतःच मास्तरला सांगितलं की मी दोनच आणीन, मोठे. चवथीच्या सुट्टीनंतर सहावी लेव्हल लागली आणि आता अजगर आलाय, पुस्तकातला जायंट कन्स्ट्रिक्टर, हिट पॉइंट ६०, ताकद १९, विळखा घातला की समोरचा जखडला आणि आमच्या सगळ्यांना त्याच्यावर दोन फासे. पुन्हा तेच, वहिनीचा स्वतःचा आकडा कुठेच नाही आणि फायदा सगळ्यांना.

मास्तर आता २०२४ च्या नियमांवर जाऊया म्हणतोय. मी विरोधात आहे, निदान हे कॅम्पेन संपेपर्यंत. तिथे प्राण्याचे हिट पॉइंट मिळत नाहीत, आपलेच राहतात, वर मून ड्रुइडला लेव्हलच्या तिप्पट तात्पुरते मिळतात, आणि आर्मर क्लास १३ अधिक शहाणपणाचा मॉडिफायर. म्हणजे या कॅरेक्टरचा पायाच काढून घेतल्यासारखं, कारण जिथे आकडा विचारला जात नव्हता तिथेच तो विचारायला लागले. नव्याने कोणी २०२४ मध्ये असे आकडे घेऊन बसलं तर मी मून ड्रुइडच्या आधी क्लेरिककडे बोट दाखवीन, तिथे जादा गुण वंशाकडून न येता बॅकग्राऊंडमधून येतात तेव्हा ते शहाणपण आणि तब्येत याच दोन ठिकाणी पडतील असं बॅकग्राऊंड आधी बघा, चिलखत अंगावर चढतंय का ते बघा, आणि ब्लेस घ्या. वहिनीला हे सांगितलं तर तिने अजगराचं कार्ड माझ्यासमोर टेबलावर आपटलं आणि मास्तरला म्हणाली, "माझी पाळी आहे ना?"